सीताबर्डीची लढाई आणि सेनापतीची जागा : एक प्रकरण अभ्यास

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपुरातील सीताबर्डीच्या टेकड्यांभोवती लढाई पेटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती संपली. इंग्रजी वृत्तान्तांनुसार नागपूरकर भोसल्यांकडे सुमारे १८,००० माणसे आणि ३६ तोफा होत्या. टेकड्यांवर आणि पायथ्याच्या रेसिडेन्सीत, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) निवासात, मिळून ईस्ट इंडिया कंपनीची माणसे १,५०० च्या आत होती. एवढी तफावत असताना निकाल उलटा का लागला, याचे उत्तर आपल्याकडे बहुधा शौर्य, फितुरी आणि दैव यांच्या आधारे दिले जाते. भोसल्यांच्या चाकरीतील अरब शिपायांच्या शौर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ते त्यांच्या शत्रूनेही मान्य केले आहे. म्हणून या अभ्यासात वेगळा प्रश्न घेतला आहे. त्या रात्री आणि त्या सकाळी दोन्ही बाजूंचे निर्णय कोठे घेतले जात होते, ते कोण घेत होते, आणि प्रत्यक्ष लढणाऱ्या माणसापर्यंत ते किती वेळात पोहोचत होते? माझ्या मते सीताबर्डीच्या निकालाचा मोठा भाग या प्रश्नाच्या उत्तरात आहे. भोसल्यांच्या फौजेला रणांगणावर कमांड पोस्टच नव्हते. इंग्रजांना ते होते, त्यानेच त्यांना रात्रभर तारले, आणि सकाळी निर्णायक घटकेला मात्र त्याचीही मर्यादा उघडी पडली.

कमांड पोस्टकडून काय अपेक्षित असते

सैन्याचे कमांड पोस्ट म्हणजे सेनापतीचा नुसता तंबू नव्हे. आघाडीवरून, बाजूच्या तुकड्यांकडून आणि वरिष्ठांकडून येणाऱ्या बातम्या तेथे जमा होतात. त्या एकमेकींशी ताडून शत्रू कोठे आहे, आपली माणसे कोठे आहेत, दारूगोळा किती उरला आहे याचे चित्र नकाशावर मांडले जाते. त्या चित्रावरून सेनापती निर्णय घेतो, तो निर्णय हुकूम होऊन खाली जातो, आणि हुकूम खरोखर पोहोचला का, पाळला गेला का, हे पुन्हा तेथेच पाहिले जाते. यांपैकी शेवटचे काम सर्वांत दुर्लक्षित राहते. हुकूम सुटला म्हणजे काम झाले असे मानणारे मुख्यालय थोड्याच वेळात प्रत्यक्ष लढाईपासून तुटते.

याला आणखी एक जबाबदारी जोडलेली असते: सेनापती पडला, जखमी झाला किंवा त्याच्याशी संपर्क तुटला, तर पुढचा माणूस कोण आणि त्याला सगळी माहिती आधीच आहे की नाही. म्हणूनच आजच्या सैन्यात मुख्य कमांड पोस्ट, सेनापतीबरोबर पुढे फिरणारा छोटा गट आणि मुख्य जागा निकामी झाली तर सूत्रे हाती घेणारी पर्यायी जागा अशी विभागणी केली जाते. साधने बदलली आहेत. १८१७ मध्ये धावणारा माणूस, घोडेस्वार, निशाण, नगारा आणि कर्णा एवढ्यावरच सगळे चालत असे. आज रेडिओ सेट, फील्ड टेलिफोन, संगणकाचे पडदे आणि ड्रोनवरून येणारे चित्र आहे. कामे मात्र तीच आहेत, आणि सीताबर्डीला ती एकेक करून तपासता येतात, कारण रणभूमी अगदी आटोपशीर होती.

जागा आणि माणसे

सीताबर्डीला दोन टेकड्या आहेत, एक मोठी आणि एक लहान, मधून एका सखल खिंडीने जोडलेल्या. लहान टेकडी उंचीने कमी असली तरी मोठीवर तेथून बंदुकीचा आणि तोफेचा मारा सहज होऊ शकत होता. म्हणजे लहान टेकडी गेली तर मोठी धोक्यात, असे हे गणित होते. लहान टेकडीच्या पायथ्याशी वस्तीची घरे आणि झोपड्या इतक्या जवळ आल्या होत्या की हल्ला करणाऱ्यांना तेथे आडोसा मिळत होता. टेकड्यांच्या पश्चिमेला रेसिडेन्सीचे आवार होते. पूर्वेला आणि आग्नेयेला शहर पसरले होते आणि महालातील भोसल्यांचा वाडा जेमतेम तीन किलोमीटरवर होता. आज सीताबर्डीचा किल्ला भारतीय लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजक्या राष्ट्रीय दिवशीच तो लोकांसाठी उघडतो. पण ज्याने त्या दिवशी वर जाऊन एकदा स्टेशनकडे आणि एकदा महालाकडे नजर टाकली असेल, त्याला ही जागा का निवडली गेली हे सांगावे लागणार नाही.

राजकीय पार्श्वभूमी थोडक्यात पुरेशी आहे. ५ नोव्हेंबरला खडकीला पेशवा आणि इंग्रज यांची लढाई झाली होती. २४ नोव्हेंबरला नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांनी पेशव्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने त्याचा अर्थ ओळखला, आणि तेलंगखेडीच्या बाजूला असलेली कंपनीची पलटणे सीताबर्डीवर आणली गेली. फौजेचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल होपटन स्कॉट याच्याकडे होते. मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या २० व्या आणि २४ व्या रेजिमेंटची प्रत्येकी एक पलटण, बेंगॉल कॅव्हलरीच्या सहाव्या रेजिमेंटच्या तीन तुकड्या, रेसिडेंटची शरीररक्षक तुकडी आणि थोड्या तोफा, एवढाच पसारा होता.

येथे एका गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. जेन्किन्स हा मुलकी अधिकारी होता, तरीही तो स्कॉटबरोबर टेकडीवरच राहिला. त्याचा सहायक जॉर्ज सॉदबी त्या लढाईत मारला गेला, यावरून ही जागा किती माऱ्यात होती ते कळते. राजकीय अधिकार आणि लष्करी अधिकार एकाच ठिकाणी असल्याचा लाभ फार मोठा होता. राजाकडून निरोप आला तर त्याला काय उत्तर द्यायचे, लढाई थांबवायची की चालू ठेवायची, बाहेरच्या फौजांना कोणत्या शब्दांत बोलवायचे, हे सगळे तेथल्या तेथे ठरू शकत होते.

वाड्यातला राजा आणि मैदानातली फौज

भोसल्यांच्या बाजूचे चित्र याच्या नेमके उलट होते. हल्ला चालू असताना अप्पासाहेब रणांगणावर नव्हते. लढाईच्या तोंडावर त्यांचे वकील रेसिडेंटशी बोलणी करत होते, आणि हल्ला फसल्यावर तो आपल्या हुकमाशिवाय झाला असे त्यांनी कळवले. ते खरे होते की नाही यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. कमांडच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही शक्यता सारख्याच घातक ठरतात. हुकूम राजाने दिला असेल, तर तो देऊन राजाने स्वतःला लढाईपासून दूर ठेवले आणि सरदारांना पुढचा हुकूम कोणाकडून घ्यायचा हे कळू दिले नाही. हुकूम दिला नसेल, तर हजारोंची फौज राजाला न विचारता लढाईत उतरली. बोलण्यांचा दोर हाती राहावा आणि लढाईही व्हावी, असा दुहेरी डाव राजकारणात कधी कधी साधतो. रणांगणावर त्याची किंमत शिपाई मोजतो, कारण पुढे जायचे की थांबायचे हे त्याला कोणी ठामपणे सांगत नाही.

वाडा तीन किलोमीटरवर असणे हा स्वतःमध्ये दोष नव्हे. त्या काळी घोडेस्वार हे अंतर थोड्या वेळात कापत असे, आणि आजही ब्रिगेडचे मुख्य कमांड पोस्ट आघाडीपासून काही किलोमीटर मागेच असते. दोष असा की वाडा आणि टेकडी यांच्यामध्ये, जेथून दोन्ही टेकड्या, रेसिडेन्सीचे मैदान आणि आपले घोडदळ एकत्र दिसेल अशा ठिकाणी, संपूर्ण हल्ल्याची सूत्रे हाती असलेला एकही माणूस बसलेला असल्याचे घटनाक्रमातून जाणवत नाही. अरब पायदळ आपल्या जमादारांच्या हुकमाने लढत होते, घोडदळ आपल्या सरदारांच्या, आणि तोफखाना जमेल तसा. प्रत्येक भाग आपापल्या जागी शूर होता. त्यांना एका वेळापत्रकात बसवणारे कोणी नव्हते.

मराठी वाचकाला येथे पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही. १७६१ मध्ये विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि लढाईच्या गर्दीत गेले. सेनापती दिसेनासा झाला, तशी फौज विस्कटली. अहमदशाह अब्दाली मात्र मागे राहून राखीव तुकड्या योग्य वेळी पुढे सोडत होता. भाऊंनी स्वतःला गर्दीत झोकून दिले आणि अप्पासाहेब गर्दीपासून दूर राहिले. दोन्ही टोकांना परिणाम एकच झाला, की निकराच्या घटकेला फौजेला वर बघावे असे ठिकाण उरले नाही.

रात्रीची लढाई

२६ तारखेला सूर्यास्ताच्या सुमारास सुरू झालेला मारा उत्तररात्रीपर्यंत चालला. लहान टेकडीवर कॅप्टन सॅडलरच्या हाताखाली २४ व्या पलटणीचे सुमारे ३०० शिपाई आणि एक तोफ होती. खडकाळ जमिनीत खंदक खोदता येत नव्हते, त्यामुळे आडोसा तुटपुंजा होता. पायथ्याच्या घरांतून अरब पुन्हा पुन्हा वर चढत होते. सॅडलर मारला गेला. त्याच्या जागी आलेला अधिकारी जखमी झाला. सूत्रे त्याच्या पुढच्याकडे गेली. तरीही लहान टेकडी रात्रभर टिकली.

ती टिकण्याची कारणे दोन दिसतात. पहिले म्हणजे, एकामागून एक अधिकारी पडत असताना पुढचा कोण, यावर वाद झाला नाही. क्रम आधीच ठरलेला होता आणि शिपायांना तो माहीत होता. दुसरे म्हणजे, मोठ्या टेकडीवरचा स्कॉट लहान टेकडीच्या इतका जवळ होता की तेथील मारा केव्हा वाढला आणि केव्हा मंदावला हे त्याला डोळ्यांनी आणि कानांनी कळत होते. रात्रीतून त्याने तेथे पुन्हा पुन्हा कुमक पाठवली. खिंड माऱ्यात होती, पण अंतर थोडे असल्याने माणूस निरोप घेऊन जाऊ आणि येऊ शकत होता. बातमी, निर्णय आणि कुमक यांचा हा छोटा फेरा भोसल्यांच्या बाजूला उपलब्धच नव्हता. त्यांच्याकडे कुमकेला माणसे दहापट होती. ती कोठे आणि केव्हा लागणार हे वेळेवर कळवणारी यंत्रणा नव्हती.

या लढाईबद्दल लिहिताना २४ व्या पलटणीची कथा राहून जाऊ नये. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर जी पलटण मोडली गेली तिच्यातील माणसे नव्या क्रमांकाखाली या पलटणीत घेतली होती. सीताबर्डीनंतर त्यांनी इनाम म्हणून आपला जुना क्रमांक परत मागितला आणि तो त्यांना मिळाला. हे दक्षिणेतले हिंदुस्थानी शिपाई होते. टेकडीवर मरणारे आणि टेकडी चढताना मरणारे, दोन्हींकडे युरोपीय फार थोडे होते, हे भान ठेवूनच हा सगळा घटनाक्रम वाचावा असे मला मनापासून वाटते.

सकाळ : लहान टेकडी जाते

पहाटे थकलेल्या २४ व्या पलटणीला बाजूला घेऊन लहान टेकडीवर दुसरी माणसे ठेवण्यात आली आणि त्यांनी माथ्यापुरतेच राहावे असे ठरले. निर्णय समजण्यासारखा होता. रात्रभर लढलेल्या माणसांकडून तेवढ्याच जोमाची अपेक्षा करता येत नाही. पण माऱ्याखाली असलेली जागा एका तुकडीकडून दुसरीकडे देणे ही लढाईतील सर्वांत नाजूक वेळ असते. जुन्या माणसांना कोणत्या घरातून मारा येतो, शत्रू कोणत्या घळीने चढतो, हे ठाऊक असते. नव्यांना ते शिकण्याआधीच हल्ला येऊ शकतो. म्हणूनच आज अशी अदलाबदल कमांड पोस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, दोन्ही तुकड्यांचे अधिकारी काही काळ एकत्र ठेवून केली जाते.

सकाळी टेकडीवरचा दारूगोळ्याचा एक गाडा उडाला. त्या गोंधळात अरब माथ्यावर पोहोचले, त्यांनी टेकडी घेतली आणि तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. लढाईतला भोसल्यांच्या बाजूचा हा सर्वोच्च क्षण होता. मोठ्या टेकडीवर तोफेचा मारा जवळून येऊ लागला, कंपनीचे अधिकारी पडू लागले, आणि खाली रेसिडेन्सीच्या मैदानात घोडदळ व पायदळ गोळा होऊ लागले.

या क्षणी भोसल्यांना काय करता आले असते? लहान टेकडीवर ताजी माणसे आणि दारूगोळा चढवणे, त्याच वेळी पश्चिमेकडून रेसिडेन्सीवर घोडदळ घालणे, आणि शहराच्या बाजूने मोठ्या टेकडीवर पायदळ सोडणे, ही तीन कामे एकाच अर्ध्या तासात झाली असती तर स्कॉटकडे तिन्हींना पुरेल एवढी माणसे नव्हती. तिन्ही कामांसाठी माणसे मैदानात हजर होती. काही प्रमाणात ती पुढेही सरकली. पण ती एकत्र सरकली नाहीत. यश एका ठिकाणी मिळाले आणि त्याची बातमी दुसऱ्या ठिकाणी हुकूम होऊन पोहोचली नाही. जिंकलेल्या घटकेचा उपयोग करून घेणे हे हरण्याच्या घटकेत सावरण्याइतकेच कमांड पोस्टवर अवलंबून असते, आणि सीताबर्डीला भोसल्यांचे सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी झाले असे मी मानतो.

फिट्झजेराल्डची परवानगी

रेसिडेन्सीच्या आवारात बेंगॉल कॅव्हलरीच्या तीन तुकड्या घेऊन कॅप्टन फिट्झजेराल्ड उभा होता. त्याच्यासमोरच्या मैदानात भोसल्यांचे घोडदळ जमत होते आणि त्यांच्या तोफाही पुढे येत होत्या. लढाईच्या प्रसिद्ध हकीकतीनुसार त्याने स्कॉटकडे हल्ल्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. त्याने पुन्हा मागितली. तेव्हा, करायचाच असेल तर स्वतःच्या जोखमीवर करावा, असे उत्तर आले. आणि जोखीम माझी, असे म्हणून तो निघाला. नाला ओलांडून त्याने समोरच्या घोडदळावर झडप घातली, ते पांगवले, दोन तोफा घेतल्या, त्या शत्रूवरच चालवल्या आणि परत आणल्या. हे दृश्य टेकडीवरून सर्वांना दिसले आणि खचत चाललेल्या शिपायांना त्याने धीर आला. थोड्याच वेळात लहान टेकडीवर अरबांमध्ये दारूगोळ्याचा दुसरा स्फोट झाला. ती संधी साधून कंपनीच्या पायदळाने टेकडी परत घेतली. दुपारी बाराच्या सुमारास लढाई संपली. कंपनीचे तीनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौथा माणूस.

ही हकीकत सहसा एका धाडसी कप्तानाची आणि एका अतिसावध कर्नलाची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी पटत नाही. स्कॉटच्या जागेवरून पाहिले तर त्याचा नकार योग्यच होता. त्या तीन तुकड्या ही त्याची शेवटची राखीव शक्ती होती. त्या हजारो घोडेस्वारांत अडकून कापल्या गेल्या असत्या, तर रेसिडेन्सी उघडी पडली असती आणि टेकडीची पश्चिम बाजूही. शेवटची राखीव तुकडी कोणी मागितली म्हणून सोडून द्यायची नसते. ते कमांड पोस्टचे सर्वांत जपून वापरायचे साधन असते.

पण स्कॉटला टेकडीवरून जे दिसत होते आणि फिट्झजेराल्डला मैदानावरून जे दिसत होते ते एकच नव्हते. उंचावरून विस्तार दिसतो; समोरची फळी घट्ट आहे की अजून जमते आहे, घोडे दमलेले आहेत की ताजे, तोफांभोवती पहारा किती, हे समोर उभ्या असलेल्या माणसाला अधिक नीट कळते. शिवाय त्या घटकेला मोठ्या टेकडीवरच्या प्रत्येकाचे लक्ष लहान टेकडीवरून येणाऱ्या गोळ्यांवर होते. कमांड पोस्टचे लक्षही मर्यादित असते. जेथून सर्वांत मोठा आवाज येतो तिकडे ते वळते, आणि दुसऱ्या बाजूची संधी किंवा संकट उशिरा ध्यानात येते. मोठ्या मुख्यालयांत वेगवेगळ्या बाजूंवर नजर ठेवायला वेगवेगळे अधिकारी नेमतात त्यामागे हेच कारण आहे.

आणि म्हणूनच स्कॉटचे शेवटचे उत्तर मला खटकते. परिणाम चांगला झाला. उत्तर चांगले नव्हते. "तुझ्या जोखमीवर कर" या हुकमात दोष वाटून दिला जातो, अधिकार नाही. हल्ला कशासाठी करायचा, किती दूर जायचे, कोणत्या क्षणी परत फिरायचे, यांपैकी काहीच त्यात नव्हते. फिट्झजेराल्डने तोफा घेऊन परतण्याचे भान ठेवले म्हणून तो यशस्वी झाला. पळणाऱ्यांचा पाठलाग करत तो दूर गेला असता तर तोच हुकूम आज नालायकीचा नमुना म्हणून उद्धृत झाला असता. आजच्या लष्करी शिक्षणात सेनापतीने आपला हेतू आधीच स्पष्ट सांगावा, म्हणजे संपर्क तुटला किंवा वेळ नसला तरी खालचा अधिकारी त्या हेतूला धरून स्वतः निर्णय घेऊ शकतो, यावर भर दिला जातो. स्कॉटने पहाटेच असे सांगून ठेवले असते, की रेसिडेन्सीच्या मैदानात शत्रूच्या तोफा अमुक ओळीच्या पुढे आल्या तर घोडदळाने त्या घ्याव्यात आणि आवारात परतावे, तर दोनदा विचारण्यात गेलेला वेळ वाचला असता आणि जबाबदारीही जिथे हवी तिथे राहिली असती.

जवळ किती, दूर किती

सीताबर्डीला सेनापती गोळ्यांच्या माऱ्यात उभा होता आणि वाचला. हे नेहमी असे होत नाही. २८ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात गूज ग्रीनला ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल एच. जोन्स हल्ला अडकलेला पाहून स्वतः पुढे गेला आणि मारला गेला. बटालियन कोसळली नाही, कारण मागे मुख्य कमांड पोस्टवर असलेला मेजर ख्रिस कीबल संपूर्ण परिस्थिती जाणत होता आणि त्याने सूत्रे हाती घेतली. जोन्सचे धाडस आणि कीबलची तयारी यांपैकी धाडसाची चर्चा अधिक होते. सीताबर्डीच्या संदर्भात माझे लक्ष तयारीकडे जाते. मोठ्या टेकडीवर एखादा गोळा स्कॉट आणि जेन्किन्स या दोघांवरच पडला असता तर? राजकीय आणि लष्करी अधिकार एकत्र ठेवल्याचा जो लाभ वर सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. सॉदबीच्या मृत्यूने तो धोका किती खरा होता हे दाखवून दिले. पर्यायी जागा नसलेले कमांड पोस्ट कितीही उत्तम ठिकाणी असले तरी अपुरेच.

आणि उत्तम ठिकाण म्हणजे तरी काय? १८१७ मध्ये उंच टेकडी हे उत्तर होते, कारण डोळा हेच मुख्य साधन होते. आज टेकडीचा माथा हे बहुधा सर्वांत वाईट ठिकाण ठरेल. कमांड पोस्ट आता आपल्या रेडिओ लहरींनी, अँटेनांनी, जनरेटरच्या उष्णतेने आणि भोवती जमणाऱ्या वाहनांनी ओळखू येते. युक्रेनमध्ये २०२२ पासून दोन्ही बाजूंनी एकमेकांची कमांड पोस्ट शोधून त्यांच्यावर दूरवरून मारा केला. रशियन सैन्याने खेरसोनजवळच्या चोर्नोबायिव्का विमानतळावर ठेवलेल्या जागांवर वारंवार हल्ले झाले, तरी तेथेच पुन्हा पुन्हा जमण्याची चूक झाली. त्यामुळे मुख्यालये लहान करणे, त्यांचे भाग वेगवेगळ्या तळघरांत विखुरणे, अँटेना माणसांपासून दूर ठेवणे आणि जागा सतत बदलणे याकडे सर्वत्र कल आहे. पण जितके विखुरावे तितका स्कॉट आणि सॅडलर यांच्यातला तो छोटा फेरा लांबतो. सुरक्षितता आणि जवळीक यांच्यातली ही ओढाताण कोणत्याही यंत्राने सुटलेली नाही, आणि ज्या सैन्याने खालच्या अधिकाऱ्यांना आधीच हेतू समजावून दिलेला असतो तेच ती सोसू शकते.

सक्करदरा आणि त्यानंतर

सीताबर्डीनंतर भोसल्यांना सावरायला वेळ होता. २९ नोव्हेंबरपासून कंपनीची कुमक येऊ लागली आणि १२ डिसेंबरला ब्रिगेडियर जनरल डव्हटन नागपूरला पोहोचला. या मधल्या दिवसांत भोसल्यांची फौज शहराजवळ उभी होती आणि तोफाही शाबूत होत्या. तरीही १६ डिसेंबरला जे घडले ते पहिल्या चुकीचीच मोठी आवृत्ती होती. अप्पासाहेब त्या दिवशी रेसिडेन्सीत जेन्किन्सच्या स्वाधीन झाले आणि तोफा सोपवण्याचे मान्य झाले. डव्हटन तोफा ताब्यात घ्यायला पुढे गेला. काही तोफा विरोधाशिवाय मिळाल्या, पण शहराजवळच्या सक्करदऱ्याकडे भोसल्यांच्या फौजेने गोळीबार सुरू केला आणि लढाई झाली. पहिल्या वेळी राजा निदान आपल्या वाड्यात होता. या वेळी तो शत्रूच्या छावणीत होता आणि त्याची फौज त्याच्या कराराविरुद्ध लढत होती. सक्करदऱ्याच्या मैदानात ती टिकली नाही. तोफा आणि तळ सोडून तिला मागे हटावे लागले.

त्याच फौजेतील अरबांचा एक मोठा गट शहरात शिरला आणि त्याने वाडा व आसपासचा बंदिस्त भाग धरला. येथे राजाच्या निरोपांची वाट पाहायची नव्हती, घोडदळाशी वेळ जुळवायची नव्हती, तीन किलोमीटरवरच्या हुकमावर काही अवलंबून नव्हते. निर्णय घेणारे आणि लढणारे एकाच भिंतीच्या आत होते आणि प्रत्येक दरवाजावर काय चालले आहे ते त्यांना घटकाभरात कळत होते. डव्हटनने जुम्मा दरवाजासमोर तोफा लावून खिंडार पाडले आणि २४ डिसेंबरला हल्ला चढवला. तो हल्ला फसला. सीताबर्डीच्या टेकडीवर ज्यांना मिळालेले यश राखता आले नव्हते, त्याच अरबांनी आता कितीतरी मोठ्या आणि ताज्या ब्रिटिश फौजेला परतवले, आणि डिसेंबर संपता संपता वाटाघाटी करून, आपली शस्त्रे, कुटुंबे आणि सामान बरोबर घेऊन ते नागपुरातून बाहेर पडले.